काचेतली माणसं आणि विहिरीतले देव

(मेहकर, जि. बुलढाणा इथल्या तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



म्युझियम म्हणजे निकाल असतो. कोणाचं जपायचं अन् कोणाचं भंगारात घालायचं, याचा. निकाल देणारा कोण ते आधी बघायचं.

मुंबईत भायखळ्याला राणीच्या बागेत एक म्युझियम आहे. १८७२ साली उघडलं तेव्हा नाव होतं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट. १९७५ साली डॉ. भाऊ दाजी लाडांचं नाव दिलं. पाटी बदलली, कपाटं तीच. त्यात मातीची छोटी छोटी माणसं आहेत, जातीजातीची, धंद्याधंद्याची. पगडी कुठली, लुगडं कसं, हातात हत्यार काय, सगळं हुबेहूब. कारागिराचा हात अस्सल, त्यात वाद नाही. पण त्या माणसांना जात आहे, धंदा आहे, नाव नाही.

बाहेर घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. १८६४ साली इंग्रज तो विलायतेला न्यायला निघाले. उचलताना क्रेन मोडली, हत्ती फुटला. पुढं तुकडे जोडले. मी गोदीत माल चढवतो-उतरवतो, म्हणून मला पहिला सवाल पडतो की तेव्हा खाली कोण उभं होतं? हत्तीची हकिगत सगळे सांगतात. साखळी धरणाऱ्याची कोणी सांगत नाही.

आता आपल्या जिल्ह्यात या. सिंदखेडराजाला लखुजी जाधवांच्या समाधीजवळ पुरातत्त्व खात्याच्या खोदकामात जून २०२४ मध्ये शेषशायी विष्णूची मूर्ती निघाली. पेपरात फोटो आले. मूर्ती जपलीच पाहिजे. दगडाशी माझं भांडण नाही, जिजाऊंच्या गावाशी तर नाहीच नाही.

पण बघा, सरकार देव मातीतून वर काढतं अन् आपल्या म्हाताऱ्यांनी १४ ऑक्टोबर १९५६ नंतर देव विहिरीत टाकले. मरीआई गेली, खंडोबाचे टाक गेले. मेलेली ढोरं ओढणं सोडलं. त्यापायी गावानं काम बंद केलं, पाणी बंद केलं, तरी सोडलं. एवढी मोठी गोष्ट कुठल्या काचेत ठेवाल? टाकलेली वस्तू म्युझियममध्ये नसतेच ना!

नागपूरला जाता तेव्हा १८६३ सालचा अजब बंगला बघा. शस्त्रं, मूर्ती, भुसा भरलेली जनावरं. माणूस थक्क होतो. मग चिचोलीच्या शांतिवनात जा. नानकचंद रत्तूंनी सांभाळलेल्या बाबासाहेबांच्या वस्तू वामनराव गोडबोल्यांनी तिथं आणल्या. कपडे आहेत, टाइपरायटर आहे. इथं थक्क होत नाही कोणी, गप्प होतं. टाइपरायटर पूजेसाठी घडवलेला नसतो, त्यावर बोटं चालतात, तो झिजतो. तिथंही आपली माणसं काचेला डोकं टेकतात. मला खटकतं. पण सत्तर वर्षांच्या आजीला हे सांगणारा मी कोण?

तर काम असं आहे. मी कोरी वही आणलीय. आपापल्या गावी जा अन् म्हाताऱ्यांना विचारा : तुमच्या घरातून काय टाकलं, कुठल्या विहिरीत, कोणत्या साली, टाकणाऱ्याचं नाव काय, त्या दिवशी घरात कोण रडलं. हेसुद्धा लिहा, कारण रडलेत लोक. जात्यावरच्या भीमाच्या ओव्या कोणाला येत असतील तर त्या आधी घ्या, त्या बाया फार दिवस थांबणार नाहीत.

हलगी ठेवायची का, यावर आपल्यात भांडण होणार. होऊ द्या. काही म्हणतील ती गुलामीची खूण आहे, जाळा. मी म्हणतो ठेवा, अन् शेजारी लिहा की ही कोणी, कोणाच्या दारात, वाजवायला नकार दिला.