नागावचा समुद्र सोडून एक रात्र माचीवर

मागच्या भागात नागावच्या वाड्यांमधल्या होमस्टेबद्दल बोललो, तर बऱ्याच जणांनी विचारलं, "शनिवार-रविवारची गर्दी नको असेल तर काय करायचं?" सोपं आहे. समुद्राकडे पाठ करायची.

नागावहून अलिबाग, तिथून पेणच्या रस्त्याने खंडाळे गाव. लोणावळ्याजवळचं खंडाळा नव्हे हां, ते वेगळं. इथून चढायला लागलं की वाटेत सिद्धेश्वराचं देऊळ आणि मठ लागतो, आणि त्याच्या वर सागरगड माची. गडाच्या अंगाखांद्यावरची छोटीशी वस्ती. गड फार उंच नाही, पण १६६५ साली पुरंदरच्या तहात महाराजांना जे २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले, त्यातला हा एक.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मुक्कामाचं काहीच ठरवलं नव्हतं. एका घरी विचारलं, काकू म्हणाल्या, "ओटीवर झोपाल ना?" सारवलेली ओटी, एक सतरंजी, एक गोधडी. जेवायला तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा. भाकरी तव्यावरून थेट ताटात येत होती, मी किती खाल्ल्या ते सांगत नाही. रात्री एवढी शांतता की कुत्रा भुंकला तरी बरं वाटावं.

सकाळी मी मस्त दोन बादल्या ओतून आंघोळ केली. बाहेर येतो तर काकू डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी घेऊन चढ चढतायत. मी संपवलेलं पाणी परत भरत होत्या. एक शब्द बोलल्या नाहीत. नागावात नळ सोडायची सवय, माझ्या डोक्यातच आलं नाही!

निघताना विचारलं, "किती झाले?" तर, "द्या मनाला येईल ते." आता हे 'मनाला येईल ते' फार अवघड असतं. मी तीनशे दिले. गडावर जाऊन बसलो. खाली कुलाबा, लांब खांदेरी-उंदेरी, सगळं स्वच्छ दिसत होतं, आणि माझा हिशोब चालूच. नागावात खोलीला एवढे मोजतो, घासाघीस न करता. इथे माणसाने स्वतःची गोधडी काढून दिली, आणि आपण स्वस्तात पडलं म्हणून खूश?

म्हणून आता मी आदल्या संध्याकाळीच विचारतो, "जेवणाचे किती, राहण्याचे किती?" त्यांना संकोच वाटतो, पण आकडा सांगतात. सुट्टे पैसे जवळ ठेवा, नेटवर्कच्या भरवशावर राहू नका. प्लास्टिक खाली घेऊन या. पावसाळ्यात वाट निसरडी असते, जपून.

गेल्या मार्चमध्ये परत गेलो, अलिबागच्या पांढऱ्या कांद्याची एक माळ घेऊन. काकूंनी माळ खुंटीला अडकवली, मला नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, "दोन बादल्यावाले ना तुम्ही?"