मिठाची चिमूट आणि पेशीतले पाणी

आमच्या शाळेत एकदा एका मुलीने मला विचारले, “गुरुजी, आई काकडी चोचवते, मीठ लावते, की ताटलीत पाणीच पाणी होतं. आणि बेदाणे पाण्यात टाकले तर ते पाणी पिऊन टम्म फुगतात. एक पाणी सोडतं, दुसरं पाणी घेतं. असं का?” प्रश्न साधा, पण त्याचे नीट उत्तर द्यायचे तर स्वयंपाकघरातून शेतात आणि शेतातून दवाखान्यात जावे लागते. आज तोच फेरफटका आपल्याबरोबर मारावा असा विचार आहे.

पहिली गोष्ट ही, की काकडी काय किंवा आपला देह काय, दोन्ही बारीक बारीक पेशींचे बनलेले आहेत. प्रत्येक पेशीभोवती एक अतिशय पातळ पडदा असतो. हा पडदा म्हणजे घराच्या दारावर बसलेल्या चोखंदळ आजीबाईच. पाण्याला ती सहज आत-बाहेर करू देते. पण साखर, मीठ अशा पदार्थांना दारातच अडवते, किंवा फार सावकाश सोडते. आता पडद्याच्या एका बाजूला पातळ द्रावण आणि दुसऱ्या बाजूला दाट द्रावण असले, तर पाणी पातळाकडून दाटाकडे जाते. मीठ पाण्याकडे येऊ शकत नाही, म्हणून पाणी मिठाकडे जाते असे म्हणा ना! या क्रियेला आपल्या पाठ्यपुस्तकांत परासरण म्हणतात.

काकडीवर मीठ पडले की फोडीच्या ओलीत ते विरघळून तेथे दाट द्रावण तयार होते आणि पेशींतले पाणी बाहेर ओढले जाते. बेदाण्यात साखर दाट, भोवतीचे पाणी पातळ. म्हणून पाणी आत शिरते. दिशा निराळ्या, पण नियम एकच.

हे माणसाच्या ध्यानात फार पूर्वी आले होते. 1748 साली फ्रान्समध्ये नोले नावाच्या पंडिताने एका भांड्यात मद्यार्क भरला, तोंडाला डुकराच्या मूत्राशयाची कातडी घट्ट बांधली आणि भांडे पाण्यात बुडवून ठेवले. काही तासांनी कातडी फुगून वर आली. टाचणी टोचताच आतला द्रव कारंजासारखा उडाला. पुढे 1877 साली जर्मनीत फेफर या वनस्पतिशास्त्रज्ञाने हा दाब मोजला. मातीच्या सच्छिद्र भांड्याच्या भिंतीत त्याने तांब्याच्या एका क्षाराचा पडदा बसवला आणि आत साखरेचे पाणी भरले. एक टक्का साखरेला पाऱ्याचा स्तंभ सुमारे 53 सेंटिमीटर चढला, दोन टक्क्यांना सुमारे 101, आणि चार टक्क्यांना सुमारे 208. साखर दुप्पट, दाब जवळजवळ दुप्पट! हेच आकडे हाती घेऊन हॉलंडच्या व्हांट हॉफने परासरणाचा नियम मांडला. रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक, 1901 सालचे, त्यालाच मिळाले.

पण दुसऱ्याने केलेला प्रयोग ऐकणे वेगळे आणि आपल्या हाताने करणे वेगळे. आपल्या घरी मुले असतील तर त्यांना हा प्रयोग करायला लावा. एकच मोठा बटाटा घ्या. सोलून त्याच्या सारख्या लांबीच्या, सारख्या जाडीच्या पाच कांड्या कापा. पाच पेले घ्या आणि प्रत्येकात शंभर मिलिलिटर पाणी घाला. पहिल्यात काहीच घालू नका. दुसऱ्यात अर्धा ग्रॅम मीठ, तिसऱ्यात एक, चौथ्यात दोन आणि पाचव्यात चार. कांड्या फडक्याने टिपून, तोलून, एकेका पेल्यात सोडा. दोन तासांनी काढा, पुन्हा टिपा, पुन्हा तोला. तराजू नसला तर नुसती बोटाने दाबून पाहा. साध्या पाण्यातली कांडी ताठ आणि कडक झालेली असेल. चार ग्रॅमवाली वाकवली तर मोडायची नाही, चामड्यासारखी लवेल. मधे कोठेतरी एक द्रावण असे सापडेल, की ज्यात कांडीचे वजन घटत नाही आणि वाढतही नाही. म्हणजे बाहेरचा दाटपणा आणि आतला दाटपणा तेथे जुळला. अशा द्रावणाला समपरासारी म्हणतात.

येथे एक पथ्य सांगितले पाहिजे. बटाटा एकच का? कांड्या सारख्या का? वेळ सारखा का? कारण आपल्याला मिठाचा परिणाम पाहायचा आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकीच्या जागच्या जागी ठेवायच्या. एक कांडी जाड आणि दुसरी बारीक असेल, तर फरक मिठाने पडला की जाडीने, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचे नाही.

हे पथ्य पाळून दुसरे प्रश्न विचारता येतात. कांडीचे बारीक तुकडे केले तर? पाण्याला शिरायला जास्त पृष्ठभाग मिळतो आणि काम लवकर उरकते. म्हणूनच चोचवलेली काकडी अख्ख्या काकडीपेक्षा झटपट पाणी सोडते. पाणी कोमट केले तर? ये-जा वेगाने होते. पण कढत केले तर गोष्टच बदलते. कच्च्या बिटाची फोड धुऊन गार पाण्यात ठेवा; पाणी फारसे रंगत नाही. तीच फोड कढत पाण्यात टाका, पाणी लालभडक! उष्णतेने पडदाच फाटला, दारावरची आजीबाईच गेली. मग अडवणार कोण? परासरण चालते ते पडदा शाबूत असेपर्यंत.

आणखी एक गंमत. शंभर मिलिलिटर पाण्यात एक ग्रॅम साखर आणि तेवढ्याच पाण्यात एक ग्रॅम मीठ, यांचा जोर सारखा असेल का? मुळीच नाही. मिठाचा जोर सुमारे अकरापट! कारण येथे वजन मोजले जात नाही, डोकी मोजली जातात. साखरेचा रेणू जड, म्हणून एका ग्रॅमात ते थोडे. मिठाचे कण हलके, आणि पाण्यात पडताच प्रत्येकाचे दोन भाग होतात. चिमूटभर मिठाला एवढे का जपायचे, ते यावरून ध्यानात येईल.

आता वनस्पती आणि प्राणी यांच्यातला मोठा फरक पाहू. वनस्पतीच्या पेशीला पडद्याबाहेर एक भक्कम भिंत असते. पाणी आत शिरते, पेशी फुगते, भिंतीला टेकते. भिंत उलट दाब देते आणि आणखी पाणी थोपते. मेथीच्या जुडीवर भाजीवाली सारखे पाणी शिंपडते ते याचसाठी. पानांना ताठपणा आहे तो आतल्या पाण्याचा. प्राण्यांच्या पेशीला अशी भिंत नाही. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी घ्या. शेकडा 0.9 मिठाच्या पाण्यात त्या सुखात असतात. साध्या पाण्यात टाकल्या की फुगत फुगत जाऊन फुटतात. दाट मिठात टाकल्या की सुरकुततात. दवाखान्यात शिरेतून देतात ते सलाईन नेमके 0.9 टक्क्यांचे का, हे कोडे आता सुटले. शिरेत नुसते शुद्ध पाणी सोडणे म्हणजे रक्तपेशी फोडणे होय.

आणि पाणी पडद्यातून जाते तरी कसे? पडदा तर स्निग्ध पदार्थांचा. बरीच वर्षे हे कोडे पुरते उलगडत नव्हते. 1992 साली अमेरिकेत पीटर ॲग्रे यांनी दाखवून दिले, की पडद्यात खास पाण्यासाठी प्रथिनांच्या अतिसूक्ष्म नळ्या असतात. या शोधाबद्दल त्यांना 2003 साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. ज्या पेशींच्या पडद्यात या नळ्या जास्त, तेथे पाण्याची ये-जा जलद.

शेतकरी बांधवांना हे शास्त्र पुस्तकातून शिकावे लागत नाही. ते शेतात भोगावे लागते. सांगली-कोल्हापूरकडे कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत उसाला पाणी देता देता कित्येक रानांत क्षार वर आले. मातीत ओल आहे, पण मातीतले पाणीच दाट झालेले. मुळांना ते ओढता येत नाही. पाण्यात उभे राहून पीक तहानलेले! रोपाच्या बुडाशी मूठभर रासायनिक खत टाकले आणि रोप दुसऱ्या दिवशी माना टाकून बसले, असा अनुभव पुष्कळांना असेल. तेथेही हेच. खत विषारी नव्हते, मूठ मोठी होती. कोकणच्या खारजमिनीसाठी पनवेलच्या संशोधन केंद्राने भाताच्या निराळ्या जाती काढल्या, त्याही याच अडचणीपायी.

श्रोतेहो, आता मुद्द्याचे सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या शेजारी दीड वर्षाच्या मुलाला जुलाब लागले. घरातली आजी मायाळू. मीठ-साखरेचे पाणी द्यावे हे तिने ऐकले होते. तिने पेलाभर पाण्यात मूठभर साखर आणि चमचाभर मीठ घातले. पोर पीत गेले आणि जुलाब वाढत गेले. संध्याकाळी डोळे खोल गेले. तालुक्याच्या डॉक्टरांनी वेळेवर शिरेतून पाणी दिले, म्हणून मूल हाती लागले. आजी मला म्हणाली, “गुरुजी, मी तर चांगलं दाट केलं होतं हो. पातळ पाण्यात काय जीव असतो?”

मला तिला दोष देववेना. दूध दाट ते चांगले, वरण दाट ते चांगले, हे तिने आयुष्यभर पाहिलेले. पण आतड्याची भिंतही पेशींचीच आहे. आतड्यातले पाणी रक्तापेक्षा दाट झाले, तर अंगातलेच पाणी आतड्यात ओढले जाते. काकडीला मीठ लावल्यावर जे होते, तेच त्या बाळाच्या पोटात झाले.

बेताचे मीठ आणि बेताची साखर मात्र चमत्कार करतात. आतड्याच्या पेशी साखर आणि मिठातले सोडियम यांना जोडीने आत घेतात, आणि त्या जोडीमागून पाणी परासरणाने आत येते. कॉलऱ्यातही ही वाट बंद होत नाही. 1971 साली बांगलादेशातून आलेले निर्वासित पश्चिम बंगालमध्ये बनगावच्या छावणीत होते. कॉलरा पसरला आणि सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचे द्रावण पिंपांतून भरून ठेवले आणि रोग्यांच्या नातेवाइकांच्याच हाती पेले दिले. जेथे शंभरातली सुमारे तीस माणसे दगावत होती, तेथे हा आकडा चारच्याही खाली आला. 2023 साली सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिले. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने 2002 साली या मिश्रणातील मीठ आणि ग्लुकोज आणखी कमी केले, कारण थोडे पातळ द्रावण मुलांना अधिक मानवते असे दिसून आले. आजीला वाटले होते त्याच्या नेमके उलट!

तेव्हा एवढे लक्षात ठेवा. मुलाला जुलाब होत असतील तर जलसंजीवनीची पुडी आणा, आणि पुडीवर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात ती सगळी एकदम मिसळा. अर्धी पुडी अंदाजाने नको. पुडी मिळेपर्यंत, एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. सपाट म्हणजे सपाट. शीग लावायची नाही. चव घेऊन पाहा. आसवांपेक्षा खारट लागले तर ओतून द्या आणि नवे करा. घोटघोट पाजा, अंगावरचे दूध बंद करू नका. मूल सुस्तावले, पिईनासे झाले, लघवी थांबली किंवा शौचातून रक्त पडले, तर घरी थांबू नका, दवाखाना गाठा.

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर असे लांबले. ती आजी अजून आहे. तिचा नातू आता शाळेत येतो. मागल्या वर्षी वर्गात बटाट्याच्या कांड्यांचा प्रयोग लावला, तेव्हा मीठ तोलण्याचे काम मी मुद्दाम त्याला दिले. त्याने चिमूटभर जास्त पडलेले मीठ बोटाने परत डबीत सारले आणि म्हणाला, “आजी म्हणते, जास्त नको.”