हलकीच भूल द्या हो



ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पेशंटला तपासायला मी वॉर्डात जाते, तेव्हा एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं : "डॉक्टर, ऑपरेशन अगदी छोटं आहे. हलकीच भूल द्या हो." काही वर्षांपूर्वी चार वर्षांच्या एका मुलाच्या आजीने हेच म्हटलं होतं. मुलाचं हर्नियाचं ऑपरेशन होतं. त्या मुलाकडे मी शेवटी येणारच आहे. त्याआधी मला एका मुलीबद्दल सांगू द्या.

हॅना ग्रीनर तिचं नाव. वय 15. इंग्लंडात न्यूकॅसलजवळ विनलॅटन नावाचं गाव आहे, तिथे राहणारी. तिच्या पायाच्या अंगठ्याचं नख काढायचं होतं, म्हणजे याहून लहान ऑपरेशन ते कोणतं! तारीख होती 28 जानेवारी 1848. एडिंबरोच्या जेम्स सिम्पसन यांनी क्लोरोफॉर्मची भूल जगापुढे आणून जेमतेम तीन महिने झाले होते. हॅना घाबरलेली होती, रडत होती. चमचाभर क्लोरोफॉर्म कापडावर ओतून तिच्या नाकाशी धरला. नखाभोवती चीर दिली तशी तिने झटका दिला. भूल पुरती चढली नसावी, असं डॉक्टरांना वाटतंय तोच तिचे ओठ पांढरे पडले. पहिल्या श्वासापासून मृत्यूपर्यंत तीन मिनिटंही गेली नसतील. क्लोरोफॉर्मने गेलेली ही पहिली नोंदलेली व्यक्ती.

ती कशाने गेली? सिम्पसन म्हणाले, शुद्धीवर आणायला तोंडात पाणी आणि ब्रँडी घातली, त्याने गुदमरली. लंडनचे जॉन स्नो म्हणाले, नाही, तिचं हृदय थांबलं. हा वाद पुढे साठ वर्षं चालला आणि त्याचं एक मोठं प्रकरण आपल्या शेजारी, हैदराबादेत घडलं. तेव्हा मराठवाडाही निजामाच्याच राज्यात होता.

हैदराबादच्या वैद्यकीय शाळेचे प्रमुख होते एडवर्ड लॉरी. त्यांनी हजारो पेशंटांना क्लोरोफॉर्म दिला होता. त्यांचा ठाम विश्वास होता की क्लोरोफॉर्म हृदयाला धक्का लावत नाही, आधी श्वास थांबतो. तेव्हा नाडी सोडा आणि श्वासावर लक्ष ठेवा. हे तपासायला 1888 साली पहिलं क्लोरोफॉर्म कमिशन बसलं. लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकाचं समाधान झालं नाही, तेव्हा निजामाने स्वतः पैसे दिले आणि 1889 मध्ये लंडनहून लॉडर ब्रंटन यांच्यासारखे औषधशास्त्राचे मोठे जाणकार हैदराबादला आले. शेकडो जनावरांवर प्रयोग झाले. निकाल लॉरींच्या बाजूने लागला. याच लॉरींच्या विद्यार्थिनी रूपाबाई फर्दुनजी तेव्हा हैदराबादेत क्लोरोफॉर्म देत असत. जगातल्या पहिल्या महिला भूलतज्ज्ञांमध्ये त्यांचं नाव घेतलं जातं आणि ते घेताना मला फार अभिमान वाटतो.

पण निकाल अपुरा होता. 1911 साली गुडमन लेव्ही यांनी मांजरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की क्लोरोफॉर्मची भूल हलकी असताना शरीरात अ‍ॅड्रेनलिन वाढलं, तर हृदय एकाएकी नुसतं थरथरू लागतं. ठोका पडतच नाही. भीती आणि वेदना, दोन्हींनी अ‍ॅड्रेनलिन वाढतं. आता हॅना आठवा : घाबरलेली, रडणारी, अर्धवट भुलीत असताना चीर दिलेली. तिचा मृत्यू असाच झाला असावा, असं अनेक जाणकार मानतात. हैदराबादेत जनावरांना भरपूर क्लोरोफॉर्म दिला गेला, त्यामुळे आधी श्वास थांबताना दिसला. हलकी भूलच जीव घेऊ शकते, हे त्या प्रयोगांत सापडणार कसं?

लॉरी खोटं बोलत नव्हते. हजारो वेळा त्यांच्या हातून काही विपरीत घडलं नव्हतं. पण दुर्मीळ गोष्ट एका माणसाच्या अनुभवात बसत नाही, ती अनेकांच्या नोंदी एकत्र केल्यावरच दिसते. क्लोरोफॉर्म आता इतिहासजमा झाला. हा धडा मात्र आमच्या पिढीलाही पुन्हा गिरवावा लागला.

ब्युपिव्हाकेन हे सुन्न करणारं औषध तुमच्यातल्या अनेकींना सिझेरियनच्या वेळी पाठीतून मिळालं असेल. तिथे ते दोन-तीन मिलिलीटरच लागतं, त्याची धास्ती नको. पण हात किंवा खांदा सुन्न करायला ते जास्त प्रमाणात द्यावं लागतं. त्यातलं चुकून रक्तवाहिनीत गेलं, तर ते हृदयात चटकन शिरतं आणि सावकाश बाहेर पडतं. मधल्या काळात ठोका बंद पडू शकतो. 1979 साली जॉर्ज अल्ब्राइट या अमेरिकी भूलतज्ज्ञाने अशा घटना एकत्र मांडल्या, तेव्हा जग जागं झालं. त्यावरचा उतारा शिकागोच्या गाय वाइनबर्ग यांना सापडला. सोयाबीन तेलापासून बनवलेलं, दुधासारखं पांढरं सलाइन. जेवू न शकणाऱ्या पेशंटांना पोषण म्हणून ते शिरेतून देतातच. 1998 मध्ये त्याने उंदीर वाचले आणि 2006 मध्ये न्यूयॉर्कच्या एका 58 वर्षांच्या गृहस्थांविषयी लिहून आलं. खांद्याच्या ऑपरेशनआधी इंजेक्शन दिल्यावर त्यांचं हृदय थांबलं होतं. वीसेक मिनिटं छाती दाबूनही उपयोग होत नव्हता. ते पांढरं सलाइन दिलं आणि ठोका परतला. ती बाटली ऑपरेशन थिएटरच्या कपाटात हाताशी असलीच पाहिजे, असा माझा आग्रह असतो.

आता तो मुलगा. आजी कौतुकाने म्हणाली, "पोटऱ्या बघा कशा भरल्यात नातवाच्या." मी त्याला जमिनीवर बसवलं आणि उठायला सांगितलं. तो स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत टेकत उठला. भरलेल्या पोटऱ्या आणि हे असं उठणं, माझ्या मनात पाल चुकचुकली. स्नायू हळूहळू दुबळे करणारा डुशेन नावाचा एक आजार मुलग्यांना होतो. पुष्कळदा तो आईकडून येतो. असा आजार लपलेला असताना भुलीत स्नायू सैल करणारं सक्सिनिलकोलीन, ज्याला आम्ही थिएटरात स्कोलिन म्हणतो, ते दिलं, तर स्नायूंतलं पोटॅशियम भराभर रक्तात उतरतं आणि हृदय थांबतं. अमेरिकेत 1990च्या दशकात अशा मृत्यूंनंतर लहान मुलांसाठी या औषधावर कडक इशारा आला.

म्हणून मी विचारलं, "मुलाच्या मामांना असा काही त्रास होता का?" उत्तर आजीनेच दिलं, "छे, कुणाला काही नाही." आई खाली मान घालून गप्प होती.

मी वॉर्डाबाहेर पडले तशी ती मागोमाग आली. जिन्यापाशी थांबून हळूच म्हणाली, "माझ्या धाकट्या भावाचं दहाव्या वर्षी चालणं सुटलं होतं. तो आता नाही. घरी हे कुणाला ठाऊक नाही, डॉक्टर."

दुसऱ्या दिवशीचं ऑपरेशन मी थांबवलं. वडील चिडले, त्यांची रजा वाया गेली होती. रक्तातलं सीपीके, म्हणजे स्नायूंच्या इजेची खूण, तपासलं, ते खूप वाढलेलं निघालं. आठवड्याने ऑपरेशन झालं. स्कोलिन नव्हतंच, नाकातून देतात ती वासाची भूलही टाळली. सगळी औषधं शिरेतून दिली आणि सबंध वेळ माझी नजर ईसीजीच्या रेघेवर होती. संध्याकाळी तो मुलगा आईच्या मांडीवर बसून चहात बिस्किट बुडवत होता.

तेव्हापासून मामांविषयीचा प्रश्न मी मुलाच्या आईला बाजूला घेऊन, एकटीलाच विचारते.