शिशाचा भार उतरल्यावर

अमेरिकेंतील टेक्सास राज्यांत लेक फोर्क नांवाचा विस्तीर्ण जलाशय आहे. तेथें बास मासा धरावयास जाणाऱ्या होडीच्या पुढच्या टोंकास विजेचें एक लहानसें यंत्र असतें. मोठें इंजिन बंद करून याच्याच बळावर होडी निःशब्दपणें हाकतात. आमच्या जांवयांच्या होडींत त्यासाठीं शिशाच्या तीन बॅटऱ्या होत्या. एकेकीचें वजन सुमारें ३० किलो! गेल्या वर्षीं त्यांनीं त्या काढून लिथियमच्या बसविल्या, आणि भार निम्म्याहून कमी झाला.

शिशाच्या बॅटरीची अर्धीच शक्ति वापरावी, नाहीं तर तिचें आयुष्य घटतें. नवी बॅटरी लिथियम-लोह-फॉस्फेटाची. या द्रव्यावरील संशोधन त्याच टेक्सासांतील ऑस्टिन येथें जॉन गुडइनफ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९७ सालीं प्रसिद्ध केलें. ती जवळजवळ अखेरपर्यंत एकाच जोमानें चालते.

मला मात्र याच गुणाचें भय वाटतें. शिशाची बॅटरी थकूं लागली कीं यंत्र मंदावतें. म्हातारा बैल घाट चढण्यापूर्वींच सांगतो, तसें. लिथियमच्या पेटींतील रक्षक-यंत्रणा मर्यादा येतांच प्रवाह एकदम तोडते. भर वाऱ्यांत आम्ही असे एकदां अडकलों. मोठ्या इंजिनाची बॅटरी जांवयांनीं शिशाचीच ठेविली होती, म्हणून किनारा दिसला.

चार्जरहि लिथियमला साजेसा घ्यावा लागला. शिवाय पारा शून्याखालीं असतां ती भरावयाची नाहीं. आतां उरलेली शक्ति दाखविणारा मापक होडींत बसविला आहे. माझी नजर गळाऐवजीं त्याच्यावरच असते.