भिंत कोणाची, मजुरी कोणाची?

(विरारजवळील फुलपाडा येथें भरलेल्या सभेंत एका प्राथमिक शिक्षकानें केलेलें भाषण)



तुम्ही कामावरून परस्पर सभेला आलां आहांत, कित्येकांच्या पायांवरचा चिखलहि वाळलेला नाहीं. म्हणून लांबण न लावतां मुद्यावर येतों. शाळेच्या पत्त्यावर एक पत्र आलें आहे. कलावंतांना अनुदान देणारी एक संस्था आहे. तिची अट अशी कीं, कलावंतानें एखाद्या वस्तींत जाऊन तेथल्या लोकांच्या बरोबरीनें कांहीं कलाकृति घडवावी. संस्थेनें निवडलेल्या चित्रकाराला आपला फुलपाडा पसंत पडला आहे. पापडखिंड धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावरची भिंत आपल्या वारली भगिनींच्या मदतीनें रंगवावी असा त्याचा बेत आहे. त्या कागदावर 'स्थानिक सहकारी' म्हणून आमची सही हवी आहे. महिनाअखेरची मुदत आहे. आम्हीं अजून सही केलेली नाहीं.

कां केली नाहीं हें समजण्यासाठीं चार वर्षांमागची गोष्ट आठवा. तेव्हांचा चित्रकार निराळा होता, पैसा देणारी मंडळीहि निराळी होती. काम मात्र हेंच. नऊ बाया सहा दिवस राबल्या. तांदूळ भिजवून वाटले, गेरू चाळला, भिंत घासून हात दिला आणि मग चित्र काढलें. वीटभट्टीचा हंगाम होता, सहा दिवसांची मजुरी बुडाली. शेवटच्या दिवशीं मोटारींतून पाहुणे आले, नारळ फुटला, फोटो निघाले. भिंतीच्या कोपऱ्यांत पाटी बसली. तिच्यावर चित्रकाराचें नांव, देणगीदाराचें नांव आणि खालीं बारीक अक्षरांत 'स्थानिक महिलांच्या सहभागानें' एवढेंच. नऊ बाया राबल्या, पण एकीचेंहि नांव नाहीं! त्यांच्या पदरांत चहा, बिस्किटांचे पुडे आणि एकेक इंग्रजी छापील प्रमाणपत्र पडलें. पुढें पावसाळ्यांत एका घरीं तें प्रमाणपत्र पत्र्याच्या फटींत पाणी अडवायला खोंचलेलें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें.

यांत आमचा दोष नाहीं असें समजूं नका. "शाळेचें काम आहे, या," असें घरोघर सांगत आम्हीच फिरलों होतों. मास्तरच्या शब्दावर बाया आल्या, आणि फोटोंत मास्तर पुढें उभा राहिला. दुसऱ्या दिवशीं पाड्यावरच्या एका म्हातारीनें विचारलें, "मास्तर, भिंत आमची, तांदूळ आमचे, हात आमचे, मग पैका कुणाचा?" आम्हांला उत्तर सुचलें नाहीं.

कोणी म्हणेल, कलेला मजुरी कसली? ती हौस आहे. हा उपदेश ज्याची चूल दुसऱ्याच्या पैशावर पेटते तोच करतो. आपल्या वाडवडिलांना हें खूळ ठाऊक नव्हतें. गोंधळी, वासुदेव दारीं आला तर सुपांतून दाणे बाहेर यायचे. सत्यशोधक समाजाची स्थापना १८७३ सालीं झाली. पुढें त्याचे जलसे गांवोगांव गेले, तेव्हां त्यांत उभे राहणारे शेतकरी-कारागीरच होते, आणि गांवच्या भाकरीवर व वर्गणीवर ते जलसे चालले. आपल्याच जिल्ह्यांत जव्हार-मोखाड्याकडे बोहाडा पाहा. घरटी वर्गणी निघते; कोणतें सोंग कोणत्या घरानें नाचवायचें हें ठरलेलें असतें; पैसा गांवचा, मान गांवचा, हिशेब विचारण्याचा हक्कहि गांवचा. जुन्या गांवगाड्याची सारी घडी पुन्हा बसवा असें आम्ही म्हणत नाहीं. तींत कोणाच्या वाट्याला दाणे आले आणि कोणाच्या वाट्याला वेठ आली, हें आपणांस नीट ठाऊक आहे. पण कला करणाराचें पोट गांवानें भरावें, एवढा व्यवहार तरी तींत उघड होता.

आतां वारली चित्राकडे या. हें चित्र मुळांत बाजाराचें नव्हे, लग्नाचें. लग्नघरीं सवाशिणींनीं भिंतीवर चौक लिहायचा, त्यांत पालघट देवी बसवायची, धवलेरीनें गाणीं म्हणायचीं, तेव्हां लग्न लागायचें. म्हणजे चित्रकार कोण? बाई. १९७० नंतरच्या पहिल्या वर्षांत हस्तकला मंडळाच्या वतीनें भास्कर कुलकर्णी नांवाचे चित्रकार डहाणूकडे आले. सरकारी पैशानें एक कलावंत वस्तींत राहतो आणि तेथील लोकांच्या हातांत कागद-रंग देतो, असा तो प्रकार होता. आजच्या पत्रांतली कल्पना कांहीं नवी नाहीं. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनीं कागद हातीं घेतला. आई वारल्यावर लहानपणीं कित्येक दिवस न बोलतां मातींत रेघा ओढणारा तो मुलगा. १९७६ सालीं त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ सालीं पद्मश्री मिळाली, आणि २०१८ सालीं ते वारले. परदेशांतहि त्यांचीं चित्रें गेलीं. त्यांच्या थोरवीला आमचा नमस्कार. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट घडली. भिंतीवर चौक लिहिणाऱ्या बाया कागदापुढें बुजल्या असें सांगतात. पुरुष पुढें आले, आणि पैसा व नांव पुरुषांकडे गेलें.

हें अटळ होतें काय? बिहारांत १९६६-६७ च्या दुष्काळांत याच कुलकर्ण्यांना मधुबनीकडे पाठविलें होतें. तेथेंहि भिंतीवर चित्रें काढणाऱ्या बायाच होत्या. तेथें कागद त्यांच्याच हातीं पडला आणि त्यांच्याच हातीं राहिला. जगदंबादेवींना १९७५ सालीं पद्मश्री मिळाली, सीतादेवींना १९८१ सालीं. माणूस तोच, खातें तेंच, फळ मात्र वेगळें. आमचा तर्क असा कीं, बुजणें हें पुष्कळदां वेळ नसण्याचें दुसरें नांव असतें. जिला पाणी भरायचें, पोर सांभाळायचें आणि भट्टीवर जायचें, तिला कागद देऊन भागत नाहीं. तिच्या दिवसाची मजुरी आणि तिच्या पोराची सोय हीहि अनुदानांत मोजली पाहिजे. रंगाच्या डब्याची किंमत अंदाजपत्रकांत येते, बाईच्या दिवसाची येत नाहीं!

चांगलें झालेलें कामहि सांगतों, नाहींतर मास्तर नुसता रडगाणें गातो असें व्हायचें. बस्तरांत कोंडागांव येथें मुंबईच्या नवजोत आल्ताफ या बाई १९९७ च्या सुमारास गेल्या. बंगळूरच्या 'इंडिया फाऊंडेशन फॉर दि आर्ट्स' या संस्थेनें अनुदान दिलें होतें. त्या आल्या आणि भिंत रंगवून निघाल्या असें झालें नाहीं. वर्षानुवर्षें त्या जात राहिल्या. शांतिबाई, राजकुमार, घेस्सूराम हे तेथले कलावंत त्यांचे मदतनीस म्हणून राहिले नाहींत. बरोबरीचे कर्ते म्हणून त्यांचीं नांवें लागलीं. त्यांनीं काय केलें? गांवांत हातपंपाभोंवतीं चिखल व्हायचा, भरलेला हंडा वांकून डोक्यावर घेतां बायांची कंबर मोडायची. त्यांनीं पंपाभोंवतीं शिल्पासारख्या भिंती व ओटे बांधले, आणि हंडा टेकवून मग डोक्यावर घेतां येईल अशी जागा केली. त्याला 'नलपार' म्हणतात. पाणी भरणाऱ्या बाईला अगोदर विचारल्यावांचून ही युक्ति कोणाला सुचेल? आपल्याच जिल्ह्यांत २०१३ सालीं गंजाडला जपानी कलावंत आले आणि गांवच्या शाळेंत स्थानिक वारली चित्रकारांबरोबर भिंतींवर कामें केलीं. तेव्हां बाहेरचा कलावंत आला म्हणजे लुबाडायलाच आला, असें आम्ही मानीत नाहीं. त्यालाहि पोट आहे. अमेरिकेंत मंदी आली तेव्हां १९३५ पासून १९४३ पर्यंत सरकारनें हजारों चित्रकारांना पगार देऊन शाळांच्या व इस्पितळांच्या भिंती रंगवून घेतल्या. भीक म्हणून नव्हे, काम म्हणून. येणाऱ्या चित्रकारालाहि त्याचा मेहनताना पुरा मिळावा. आमचें म्हणणें एवढेंच कीं, त्याचें तें काम आणि आमच्या बायांचा तो 'सहभाग', हा भेद कोठून आला?

आणि हा पैसा कोणाच्या खिशांतला धर्म आहे असेंहि समजूं नका. २०१३ च्या कंपनी कायद्यानें ठराविक मर्यादेवरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चणें भाग आहे, आणि त्या कामांच्या यादींत पारंपरिक कलांची जोपासना स्पष्ट लिहिली आहे. वृद्ध कलावंतांना राज्य सरकार मानधन देतें, त्या योजनेला आतां राजर्षि शाहू महाराजांचें नांव आहे आणि २०२४ पासून दरमहा पांच हजार रुपये ठरले आहेत. आपल्या पाड्यावर धवलेरी म्हाताऱ्या आहेत. त्यांचे अर्ज भरावयाचे राहिले, हें आमच्याच आळसाचें पाप आहे. तें या महिन्यांत धुऊन काढूं. वारली चित्राच्या नांवाला २०१४ सालीं भौगोलिक निशाणीची नोंद मिळाली. नांव राखलें गेलें, बरें झालें. पण त्या नोंदीनें कोणाच्या घरीं तांदूळ येत नाहीं.

आतां नव्या पत्राबरोबर आलेला खर्चाचा अंदाज. चित्रकाराचा मेहनताना आहे. प्रवास आहे. फोटो व चित्रफीत आहे. अहवालाची छपाई आहे, आणि ती फोटोइतकीच भारी आहे. शेवटच्या ओळींत 'स्थानिक सहभाग: चहापाणी'. ही ओळ वाचली आणि आम्हांला तें पत्र्यांत खोंचलेलें प्रमाणपत्र आठवलें.

आम्हीं उत्तर लिहून ठेवलें आहे, पण तुम्हीं होकार दिल्यावांचून टपालांत टाकणार नाहीं. काम करणारीला भट्टीवर मिळते त्याहून कमी नाहीं इतकी रोजची मजुरी, आणि ती तिच्याच हातांत. भिंत कोणती व चित्र कसलें हें पाड्यानें ठरवावें. लग्नाचा चौक रस्त्यावर काढावा कीं नाहीं हें त्यांनींच सांगावें, आम्हीं मास्तरांनीं नव्हे. पाटीवर प्रत्येकीचें नांव, चित्रकाराच्या नांवाएवढ्याच अक्षरांत. पुढें त्या चित्राची नक्कल कापडावर किंवा कपावर छापून विकली तर त्यांतला वांटा. आणि काम संपल्यावर याच पटांगणांत सगळा हिशेब मोठ्यानें वाचावा. हें मान्य नसेल तर चित्रकारानें खुशाल यावें, चहा पाजूं, धरण दाखवूं; पण सही मिळणार नाहीं. अनुदान दुसऱ्या गांवीं जाईल, अशी भीति कोणी घालील. गेलें तर जावो. त्या गांवच्या मास्तरांनाहि हेंच पत्र आम्ही पाठवूं.

पुढच्या रविवारीं सकाळीं तो चित्रकार स्वतः येणार आहे. फोनवर तो भला माणूस वाटला. चहापाण्याची ओळ वाचून दाखवली तेव्हां खजील झाला. त्या दिवशीं बोलायला मागच्या वेळच्या नऊजणींनीं पुढें बसावें. त्यांतल्या दोघी भट्टीवर गेल्या आहेत, त्यांना निरोप धाडला आहे.

संस्थेचें पत्र आमच्यापाशीं आहे. तें आतां मराठींत करून वाचतों. न कळणारा शब्द आला कीं मध्येंच थांबवा.