अष्टपादाचा वारसा

शिंपले आणि गोगलगायी यांच्या गोतावळ्यात एखादा बुद्धिमान जीव निपजेल, अशी आपली अपेक्षा नसते. परंतु अष्टपाद, म्हणजेच ऑक्टोपस, हा त्यांचाच आप्त होय. त्याला हृदये तीन, रक्त निळे, मज्जापेशी सुमारे ५० कोटी, आणि त्यांतील जवळजवळ दोनतृतीयांश त्याच्या आठ भुजांत विखुरलेल्या! बरणीचे झाकण फिरवून आतला खेकडा काढून घेण्यास तो शिकतो. इंडोनेशियाच्या समुद्रातील एक जात तर नारळाच्या करवंट्या बरोबर वागवते आणि वेळप्रसंगी त्यांच्या आड दडून बसते.

एवढ्या बुद्धीला आयुष्य मात्र किती? बहुतेक परिचित जातींना एकदोन वर्षांचे. मीलनानंतर नर फार दिवस जगत नाही. मादी अंडी घालते, त्यांच्यावर पाणी खेळते ठेवते, अन्न वर्ज्य करते आणि पिले बाहेर पडण्याच्या सुमारास प्राण सोडते.

कॅलिफोर्नियातील माँटेरी येथील संशोधकांना सुमारे १,४०० मीटर खोलीवर, कड्याला चिकटवलेल्या अंड्यांवर बसलेली अशी एक माता २००७ साली आढळली. अंगावरील व्रणांमुळे ती दर खेपेस ओळखू येई. यंत्राच्या हाताने पुढे केलेला खेकड्याचा तुकडाही तिने घेतला नाही. तिचा वर्ण फिका पडला, कातडी सैल झाली, डोळे धूसर झाले. पण जागा तिने सोडली नाही. ५३ महिने तिने अंडी राखली! २०११ च्या ऑक्टोबरात पाहावे तो ती नव्हती; अंड्यांची रिकामी कवचे तेवढी कड्यावर उरली होती.

हे मरण केवळ उपासाचे नव्हे. १९७७ साली जेरोम वोडिन्स्की यांनी दुसऱ्या एका जातीच्या माद्यांच्या डोळ्यांजवळील दोन ग्रंथी काढून टाकल्या. त्या माद्यांनी अंडी सोडली, त्या पुन्हा खाऊ लागल्या आणि अधिक काळ जगल्या. मातेचा अंत तिच्या देहातच लिहिलेला असतो, असाच याचा अर्थ.

म्हणून अष्टपादाच्या पिलाला आईची शिकवण मिळत नाही. आईने आयुष्यभर जे कमावले ते तिच्याबरोबरच जाते, आणि पिलाला पहिल्या खेकड्यापासून सारे स्वतःच शिकावे लागते. आपल्याकडे आजी नातवंडाला गोष्ट सांगते, त्या साध्या गोष्टीचे मोल किती मोठे आहे, हे या मुक्या जीवाकडे पाहिले म्हणजे ध्यानी येते.