नमुना नीट, तर निकाल नीट



स्वागत समितीच्या वतीने भिलाईतल्या या प्रथिनांच्या परिषदेत आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो.

मराठी माणसाला हा मुलूख परका नाही. छत्तीसगड एकेकाळी नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. पुढे भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या भरतीत विदर्भातली घरेच्या घरे इथल्या सेक्टरांत येऊन राहिली. १९५५ साली या कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन केले आणि मग देशाच्या रेल्वेचे रूळ इथून जाऊ लागले. आता शेजारी कुटेलाभाट्याला आयआयटीही उभी राहिली आहे. तरीसुद्धा ‘पोलादाच्या गावात प्रथिनांची परिषद कशाला?’ असे मला अनेकांनी विचारले. प्रश्न रास्त आहे. उत्तर माझ्या नोकरीपासूनच सुरू करतो.

माझी सारी नोकरी कारखान्याच्या प्रयोगशाळेत झाली. हीट, म्हणजे भट्टीतला पोलादाचा एक घाणा, तयार होत आली की वितळलेल्या पोलादाचा नमुना काढायचा, थंड करून घासायचा, स्पेक्ट्रोमीटरवर ठेवून ठिणगी पाडायची आणि कार्बन, मँगनीज, फॉस्फरस, गंधकाचे आकडे काही मिनिटांत भट्टीच्या विभागाला कळवायचे. ते यंत्र प्रकाश मोजते, प्रथिनांच्या अभ्यासात वापरले जाणारे आपले मास स्पेक्ट्रोमीटर वस्तुमान मोजते. दोघांना नियम मात्र एकच लागू आहे. नमुन्यात पोकळी राहिली किंवा मळी अडकली, तर यंत्र कितीही भारी असो, आकडा खोटाच येणार.

आता प्रथिनांकडे येतो. पेशीतली प्रथिने काढून त्यांच्यावर ट्रिप्सिन हे विकर सोडले की ते साखळीला ठरावीक जागी, लायसिन आणि आर्जिनिन या अमिनो आम्लांनंतर, तोडते. हे तुकडे बारीक नळीतून एकामागून एक पुढे सरकतात, विद्युतभारित सुईतून फवारले जातात आणि यंत्रात शिरतात. यंत्र त्यांचे वस्तुमान मोजते, निवडक तुकडे आणखी फोडते आणि त्या आकड्यांवरून मूळ प्रथिन ओळखता येते. एवढे मोठे रेणू न मोडता हवेत कसे उचलायचे, हीच खरी अडचण होती. ती सोडवल्याबद्दल जॉन फेन आणि कोइची तानाका यांना २००२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला.

हे भिलाईच्या कामाचे कसे, ते सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या उदाहरणाने सांगतो. छत्तीसगडपासून गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरपर्यंत हा आजार कुणाला समजावून सांगावा लागत नाही. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. त्यांतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आले की संपला विषय! ट्रिप्सिनने तोडल्यावर या साखळीचा पहिला तुकडा आठ अमिनो आम्लांचा निघतो. निरोगी माणसात त्याचे वस्तुमान सुमारे ९५१.५ डाल्टन (रेणूंच्या वस्तुमानाचे एकक) भरते, सिकलच्या साखळीत ९२१.५. तीस डाल्टनची ही तूट, आणि तिच्यापायी लेकरू रात्रभर हाडांच्या दुखण्याने तळमळते. शास्त्रज्ञ व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५६-५७ मध्ये ट्रिप्सिन वापरूनच हा फरक नेमका पकडला होता. त्यांच्या हाती तेव्हा कागद आणि विजेचा प्रवाह होता; आज मास स्पेक तेच काम रक्ताच्या वाळलेल्या ठिपक्यावरून करते. इंग्लंडमधल्या काही प्रयोगशाळा नवजात बाळांची तपासणी या पद्धतीने करतात.

माझ्यासारख्याने उगाच यंत्राची भलामण करू नये, म्हणून हेही सांगतो. सिकलसेलच्या नेहमीच्या निदानाला विद्राव्यता चाचणी, इलेक्ट्रोफोरेसिस, एचपीएलसी या चाचण्या पुरेशा आहेत. १ जुलै २०२३ रोजी शहडोलहून सुरू झालेली सिकलसेलविरोधी राष्ट्रीय मोहीम अशा स्वस्त चाचण्यांवरच चालायला हवी. मास स्पेकची खरी गरज पुढच्या प्रश्नाला आहे. एकाच घरातल्या दोन भावंडांत दोष तोच असतो. मग एक शाळेत जातो आणि दुसरा दर पावसाळ्यात वॉर्डात का असतो? गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन किती टिकून राहिले, हे त्याचे एक उत्तर. बाकीची उत्तरे लाल पेशीतल्या इतर प्रथिनांत शोधावी लागतील. ते सोपे नाही. लाल पेशीत नव्वद टक्क्यांहून अधिक प्रथिन एकटे हिमोग्लोबिनच असते. वरातीच्या बँडमध्ये सनईचा सूर ओळखावा, तसे हे काम आहे.

ते करणारी माणसे आपल्याकडे आहेत. २०१४ मध्ये मानवी प्रथिनांचा जो आराखडा ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला, तो अखिलेश पांडे यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि बंगळुरूची इन्स्टिट्यूट ऑफ बायोइन्फर्मेटिक्स यांनी मिळून केला. तीस प्रकारच्या निरोगी ऊती आणि पेशी तपासून १७,२९४ जनुकांची प्रथिने त्यांनी ओळखली. मुंबईत पवईच्या आयआयटीत मास स्पेक्ट्रोमेट्रीची सुसज्ज सुविधा आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मधुमेहात साखर चिकटलेल्या प्रथिनांचा अभ्यास होतो. ग्लुकोजचा एक रेणू चिकटला की प्रथिनाचे वजन १६२ डाल्टनने वाढते आणि यंत्राला ते लगेच कळते. ज्यांची मधुमेहासाठी एचबीए१सी तपासणी होते, त्यांनी आपल्याही हिमोग्लोबिनवर ही साखर बसते, हे लक्षात ठेवावे!

म्हणजे यंत्रे आहेत आणि जाणकारही आहेत, पण बहुतेक मोठ्या शहरांत. रुग्ण मात्र इकडे. कोट्यवधींचे यंत्र उद्याच भिलाईत आणा, असा हट्ट मी धरणार नाही. नमुन्याची शिस्त मात्र उद्यापासून इथे सुरू करता येईल. रक्त कोणत्या नळीत घेतले, किती वेळाने सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवले, लाल पेशी फुटून प्लाझ्मा लालसर झाला का, उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये कधी गेले, वीज किती वेळ गेली होती, हे लिहून ठेवायला पैसे लागत नाहीत. दुर्गम गावात बर्फ नसेल, तर गाळणकागदावर घेतलेला रक्ताचा ठिपका नीट वाळवून पाकिटातून पाठवता येतो. आणि प्रत्येक मोठ्या रुग्णालयाच्या पॅथॉलॉजी विभागात, कपाटांतून, मेणात बसवलेल्या ऊतींचे ठोकळे वर्षानुवर्षे पडून असतात. फॉर्मॅलिनने आवळलेली त्यांतली प्रथिने उष्णता देऊन मोकळी करता येतात आणि मास स्पेकवर वाचताही येतात. त्या ठोकळ्यावरची चिठ्ठी शाबूत असली, म्हणजे झाले.

दुसरी विनंती संशोधकांना. इथला माणूस रक्त देतो, सही करतो आणि पुढे त्याच्या कानावर काहीच येत नाही. संमतिपत्र त्याला कळेल अशा छत्तीसगढी, हिंदी, गोंडी, मराठीत असावे आणि निष्कर्ष निघाला की तो गावात येऊन सांगावा. शोधनिबंधात छत्तीसगड नुसते नमुन्यांच्या तक्त्यात दिसू नये. लेखकांच्या यादीत इथल्या डॉक्टरांची, तंत्रज्ञांची, विद्यार्थ्यांची नावे असावीत.

दोन दिवस आपण आमचे पाहुणे आहात. सकाळी पोहे-जिलेबी आहे, दुपारी झुणका-भाकरीसोबत इथला फरा आणि चीलाही आहे. वेळ काढून मैत्री बाग जरूर पाहा. काही कमी-जास्त वाटले तर बिल्ला लावलेल्या कोणत्याही स्वयंसेवकाला हक्काने सांगा. ही मुलेमुली कित्येक दिवस राबत आहेत. सभागृह, निवास, देणग्या यांचा भार अनेकांनी उचलला आहे. त्या सर्वांचे ऋण मानतो.

परिषद संपण्यापूर्वी डॉक्टर आणि संशोधकांनी एकत्र बसून नमुना घेण्याचा एकपानी साधा तक्ता ठरवावा. दुर्ग, राजनांदगाव, गोंदिया, गडचिरोली या चार जिल्ह्यांत तो सारखाच वापरला जावा. एवढे झाले तरी ही परिषद भिलाईत भरवल्याचे चीज होईल. पुन्हा एकदा सर्वांचे स्वागत करतो आणि अध्यक्ष महोदयांना परिषदेची सूत्रे हाती घेण्याची विनंती करतो.

 जय जोहार!